गाडीला जास्त हवा नको, स्वच्छ हवा द्या

आज पिकावर नाही, मोटरसायकलच्या एअर फिल्टरवर लिहितोय. विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण नाही. आपल्या पनवेल तालुक्यात दुधाचे कॅन, भाजीची टोपली, खताची गोणी, फवारणीचा पंप, सगळं गाडीवरूनच फिरतं. कृषी सहायकसुद्धा बांधावर येतात ते गाडीवरूनच. ट्रॅक्टर एखाद्याकडे असेल नसेल, गाडी बहुतेक घरांत आहे. ती ऐन कापणीत बसली की मजूर, पेंढा, बाजार सगळंच अडतं.

हल्ली पोरांना एकच सल्ला मिळतो. कंपनीचा फिल्टर काढ, बाहेरचा हाय-फ्लो टाक, पिकअप वाढेल, धुऊन धुऊन जन्मभर वापर. माझं मत सरळ आहे. आपल्या रस्त्यांवर चालणाऱ्या १०० ते १२५ सीसीच्या कामाच्या गाडीला हा सौदा परवडत नाही. बाहेरचा फिल्टर घेऊच नका असं मी म्हणत नाही. पण तो किती हवा सोडतो हे विचारण्याआधी किती धूळ अडवतो हे विचारा.

आधी आपली धूळ बघा. पळस्पे ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा मुंबई-गोवा रस्ता रुंद करायचं काम २०११ मध्ये सुरू झालं. उलव्याचा डोंगर फोडून विमानतळाची जागा सपाट केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये पायाभरणी झाली, ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं. विमानं उडायला लागली तरी आजूबाजूचं बांधकाम काही थांबलेलं नाही. भरावाचे डंपर, खडीचे क्रशर, वीटभट्ट्या, त्यात भातकापणीनंतर उघडी पडलेली शेतं. दिवाळीनंतर मृगापर्यंत आपण ज्या हवेत गाडी चालवतो ती गाडीच्या पुस्तकातली हवा नाही. पुस्तकातले किलोमीटर साधारण रस्ता धरून लिहिलेले असतात, आणि धुळीच्या भागात फिल्टर लवकर बघा असं बहुतेक पुस्तकांत लिहिलेलंही असतं. ती ओळ कोणी वाचत नाही.

आता हिशेब करू. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे अंदाजे नऊ हजार लिटर हवा. गाडी लिटरला ६० देत असेल तर एका किलोमीटरला दीडशे लिटर. आपला पाठीवरचा फवारणी पंप १५ लिटरचा धरा. दर किलोमीटरला असे दहा पंप भरून हवा इंजिन ओढतं. डंपरच्या मागे चालताना ही हवा कसली असते ते आपल्या तोंडावरच्या रुमालाला विचारा.

त्यातले डोळ्याला दिसणारे जाड कण फिल्टर सहज धरतो. घात करतात ते बारीक कण, केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढे. पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडर यांच्यामधल्या ऑइलच्या पातळ थरात ते शिरतात. दगडाची भुकटी बिडापेक्षा कठीण असते. ऑइलमध्ये मिसळली की ती पॉलिश पेपरसारखी घासत राहते. एका दिवसात काही कळत नाही. वर्ष-दीड वर्षाने ऑइल कमी व्हायला लागतं, निळसर धूर येतो, चढावर गाडी दम टाकते. मग मिस्त्री सांगतो, ब्लॉक-पिस्टन करावं लागेल. शंभर सीसी गाडीचा साधा फिल्टर दोन-तीनशेच्या आसपास मिळतो, आणि हे काम मजुरी धरून काही हजारांत जातं. शिवाय गाडी चार दिवस गॅरेजात.

मग हाय-फ्लोने पिकअप वाढतो तो काय खोटा? अनुभव खोटा नाही, तुलना खोटी आहे. दोन वर्षं चोंदलेला फिल्टर काढून कोणताही नवा टाकला तरी गाडी हलकी वाटते. कंपनीचा नवा फिल्टर टाकून बघा, तोच फरक दिसेल. दुसरं म्हणजे आवाज. उघड्या फिल्टरने हवा ओढण्याचा आवाज मोठा येतो आणि आवाजाला आपण ताकद समजतो. तिसरं, बाजाराला जाताना आपण ४०-५० च्या वेगात असतो, थ्रॉटल अर्धासुद्धा उघडलेला नसतो. तिथे हवा अडवतो तो थ्रॉटल, फिल्टर नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं. तेव्हापासूनच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल किती द्यायचं ते इंजेक्शनचा कॉम्प्युटर ठरवतो, आणि त्याचा हिशेब कंपनीच्या हवेच्या डब्यावर बसवलेला असतो.

तो डबाच काढून थेट तोंडावर गोल फिल्टर लावणं तर आपल्याकडे मुळीच नको. डब्याची हवा ओढायची जागा सीटखाली उंच आणि आडोशाला ठेवलेली असते. कोकणातल्या पावसात, भरलेल्या ओढ्यावरून जाताना उघडा फिल्टर पाणी ओढतो. पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर इंजिन जागेवर अडकतं, कधी कनेक्टिंग रॉडही वाकतो.

एक गोष्ट पटायला जड आहे, पण खरी आहे. थोडा मळलेला कागदी फिल्टर नव्यापेक्षा बारीक धूळ जास्त धरतो, कारण साचलेला थरही गाळायला मदत करतो. म्हणून दर आठवड्याला फिल्टर काढून कॉम्प्रेसरने हवा मारणं ही काळजी नव्हे. जोराच्या हवेने कागदाला न दिसणारी भोकं पडतात, आणि दर वेळी उघडताना थोडी धूळ आतल्या बाजूला सांडते. फिल्टर वेळेवर बघायचा, उगाच छेडायचा नाही.

आता प्रकाराप्रमाणे काय करायचं ते.

कोरडा कागदी: हलक्या हाताने झटकायचा. हवा मारायचीच तर कमी दाबाने, आतून बाहेर. पाणी, रॉकेल, पेट्रोल काही लावायचं नाही. दोन-तीनदा झटकला की बदलायचा.

तेलकट कागदी: हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत येतो, हाताला चिकट लागतो. हा साफ करायचाच नसतो. हवा मारली की तेल आणि धूळ कागदात आणखी आत बसतात. मळला की सरळ बदली.

फोम: साबणाच्या पाण्यात दाबून धुवायचा, पिळायचा नाही. सावलीत पूर्ण वाळवायचा. मग पुस्तकात सांगितलेलं तेल लावून जास्तीचं दाबून काढायचं. गाडीतून काढलेलं काळं ऑइल लावू नका, त्यात आधीच घासलेलं लोखंड असतं. पेट्रोलने धुऊ नका, आगीचा धोका आहे आणि फोमही चुरगळतो.

धुता येणारा सुती: बाहेरचे हाय-फ्लो बहुधा हेच. हा मुळात वाईट नाही. डांबरी रस्ता असेल आणि हात सावकाश असेल तर चालतो. पण त्याचं क्लीनर आणि तेल वेगळं घ्यावं लागतं, दिवसभर वाळवावा लागतो, तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्त झालं तर थ्रॉटल बॉडी चिकट होते. सकाळी सहाला दूध घालायला निघणाऱ्याला हे जमणार आहे का, ते ज्याने त्याने ठरवावं. किंमत काही हजार, त्यात साधे फिल्टर किती वर्षं येतील तेही मोजा.

कंपनीचा मिळत नसेल आणि दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा असेल, तर दुकानात एवढं बघा:

१. जुना फिल्टर सोबत न्या. दोन्ही शेजारी ठेवून कागदाच्या घड्या मोजा. घड्या कमी म्हणजे कागद कमी, लवकर चोंदणार.

२. कडेचं रबर दाबून बघा. मऊ हवं, सगळीकडे सारखं हवं. आपल्याकडे निम्मा घोटाळा कागदात नसतो, कडेत असतो. केसाएवढी फट राहिली तरी हवा कागद सोडून तिथूनच जाते.

३. उजेडाकडे धरा. गोंदाच्या जागी ठिपका चमकला तर परत द्या.

४. बिल घ्या. बिल न देणारा दुकानदार फिल्टरची हमी काय देणार?

५. महागडा घेत असाल तर आयएसओ ५०११ या चाचणीत तो किती टक्के धूळ धरतो ते विचारा. फक्त हवा किती जाते एवढंच सांगत असतील तर अर्धीच गोष्ट सांगतायत.

बसवताना डब्याची कड ओल्या फडक्याने पुसा, स्क्रू सगळे लावा. गॅरेजातून परत आलेल्या गाडीला चारातले दोनच स्क्रू असणं हे आपल्याकडे नवीन नाही.

आणि सगळ्यात सोपी परीक्षा. फिल्टर काढल्यावर त्याच्या मागची, इंजिनकडे जाणारी नळी पांढऱ्या फडक्याने आतून पुसा. फडकं स्वच्छ आलं तर फिल्टर कसलाही असो, काम करतोय. मातीचा रंग आला तर फिल्टर कितीही महागाचा असो, फुकट. जाहिरात, मिस्त्री, मी, कुणाचंही ऐकू नका, त्या फडक्याचं ऐका.

वेळापत्रक किलोमीटरवर ठेवू नका. आपल्याकडे हंगामावर ठेवा. दिवाळीला, कापणी-झोडणी आटपली की एकदा बघा. होळीला दुसऱ्यांदा. आणि मृग लागायच्या आधी बघायचं नाही, बदलायचाच. उन्हाळाभर साचलेल्या धुळीला पावसाळी दमट हवा लागली की कागदावर चिखल होतो. गणपतीच्या आसपास डब्याखालची छोटी नळी उघडून साचलेलं पाणी काढा, तुमच्या गाडीला ती असेल तर. रोज डंपरच्या रस्त्याने जाणाऱ्यांनी मध्ये एखादी फेरी वाढवा. पॉवर स्प्रेअर आणि गवत कापायच्या मशीनचा फोमही त्याच दिवशी धुऊन टाका. ट्रॅक्टरवाल्यांना ऑइल-बाथ फिल्टरचं तेल बदलायची सवय आहेच, तीच शिस्त लहान इंजिनाला लावायची आहे.

कृषी क्षेत्रातल्या मंडळींना एक विनंती. फवारणीच्या शिबिरात नोझल, मात्रा, मास्क सगळं सांगता. पाच मिनिटं इंजिनच्या फिल्टरला द्या. शेतकऱ्याच्या उत्पादन खर्चात गाडीची दुरुस्ती कुठल्या रकान्यात लिहिलेली नसते, पण पैसा जातो तो त्याच खिशातून.

आणि ज्यांचे डंपर ताडपत्रीशिवाय गावातून जातात त्यांनाही सांगणं आहे. रस्त्यावर पाणी मारणं, भराव झाकणं ही मेहरबानी नाही, कामाचाच भाग आहे. तुमची धूळ आमच्या वालाच्या पानावर बसते, पोरांच्या छातीत जाते आणि गाडीच्या सिलिंडरमध्येही. ग्रामसभेत हा विषय लेखी मांडा, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं.

तोवर आपल्या हातात आहे तेवढं करू. जास्त हवेच्या नादी न लागता, नीट बसलेला साधा फिल्टर, वेळेवर बदललेला. या रविवारी सीट उघडा आणि ते पांढरं फडकं एकदा फिरवून बघा.