सरमिसळ करावी, पण केव्हा?

सभासद बंधूंनो, माळकऱ्यांनी राग मानू नये. आम्ही वाइनची शिफारस करीत नाही, फक्त तिची रीत सांगतो. फ्रान्समधील बोर्दो भागात तांबडी वाइन बहुधा दोन-तीन जातींच्या द्राक्षांची मिळून होते. मेर्लो लवकर पिकते, कॅबर्ने सोव्हिन्यो मागाहून. म्हणून तोडणी ज्या-त्या जातीच्या पक्वतेला, ब्रिक्स पाहून; आंबवणेही वेगवेगळ्या टाकीत. मग जाणकार प्रत्येक टाकीतला घोट तोंडात घोळवतो आणि थुंकून टाकतो. (दिवसभर चव घ्यायची तर गिळून कसे भागेल?) मेर्लोचा मऊपणा किती, कॅबर्नेचा तुरटपणा किती, हे जिभेवर ठरते आणि त्यानंतरच सरमिसळ होते.

आपण ती लागणीलाच उरकतो! को-सी ६७१ आणि को ८६०३२, मिळेल ते बेणे एकाच सरीत. पहिली जात लवकर तयार होणारी, दुसरी उशिरा. तोड मात्र एकदाच. मग एक कोवळी जाते, नाहीतर दुसरी शिळी होते. गव्हाणीत मोळी पडल्यावर निवडणार कोण? एफआरपी कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरते, म्हणजे झळ शेजाऱ्यालाही बसते. तेव्हा यंदा एका प्लॉटला एकच जात लावा, आणि नोंदीला चिटबॉय आला की जात खरी सांगा.