आधी हवा मोजा: कडा येथील फ्रीज-एसी कारागिरांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मंत्री, पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग, महाराष्ट्र शासन
मा. सदस्य सचिव, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
मा. संचालक, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, पुणे
(मार्फत: मा. तहसीलदार, आष्टी, जि. बीड)

विषय: पुणे-अहिल्यानगर औद्योगिक पट्ट्यातील वायूंची कडा येथे नियमित मोजणी करणेबाबत.

महोदय,

आर-22, आर-134ए, आर-410ए, आर-32 हे वायू भरणे हा आमचा धंदा आहे. त्यांचा धूर दिसत नाही, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. पण आर-22 ओझोनचा थर झिजवतो. एक किलो आर-410ए हवेत गेला, तर तापमानवाढीच्या हिशेबात तो सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइडइतका भरतो. देशाच्या 2009 च्या हवा-मानकांत बारा प्रदूषके आहेत. आम्ही भरतो त्यांतला एकही वायू त्यांत नाही.

अशा वायूंवर लक्ष ठेवायला उत्पादन-आयातीचे कागद पुरेसे नाहीत, हे 2018 मध्ये सिद्ध झाले. बंदी असलेल्या सीएफसी-11 या ओझोन झिजवणाऱ्या वायूचे उत्सर्जन वाढल्याचे हवेच्या मोजणीतूनच कळले. 2019 मध्ये दक्षिण कोरियातील गोसान व जपानमधील हातेरुमा केंद्रांच्या नोंदींवरून त्याचा माग पूर्व चीनपर्यंत लागला. पुढे ते उत्सर्जन घटले.

आपल्याकडेही हवेचे नमुने घेण्याचा अनुभव आहे. गोव्यातील काबो द रामा येथे 1993 पासून बाटल्यांत हवा भरून ऑस्ट्रेलियातील प्रयोगशाळेत तपासली गेली. 2016 मध्ये ब्रिटिश संशोधन विमानाने उत्तर भारतावर हे वायू मोजले. पण ती मोहीम एकाच उन्हाळा-पावसाळ्यापुरती होती.

मग कडाच का? पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून वाहतो. पुणे, रांजणगाव, सुपा ओलांडून तो आमच्या बाजूला येतो. हे वायू पाण्यात फारसे विरघळत नाहीत, त्यामुळे पावसाने धुऊन जात नाहीत. त्या वाऱ्याच्या वाटेत सिंहगड पुण्याच्या आधी लागतो. कड्याच्या आकड्यातून सिंहगडाचा आकडा वजा केला की मधल्या पट्ट्याने घातलेली भर कळेल. हिवाळ्यात वारा पूर्वेकडून फिरला की हेच केंद्र पट्ट्याबाहेरची हवा दाखवेल.

आमच्या मागण्या:

1. कडा व सिंहगड येथे एकाच दिवशी, दर आठवड्याला पोलादी बाटल्यांत नमुने घ्यावेत. लाख कोटी भागांत एक भाग इतके प्रमाण टिपणाऱ्या यंत्रावर ते तपासावेत.
2. शीतकरण वायूंसोबत वीज उपकेंद्रांतील सल्फर हेक्साफ्लोराइडही मोजावा.
3. आकडे दर तिमाहीला मराठीत जाहीर करावेत आणि उत्पादन-आयातीच्या नोंदींशी ताडून पाहावेत.
4. आष्टी तालुक्यात वायू परत काढून घेणारे यंत्र व जमा केंद्र द्यावे. ते नसेल, तर दुरुस्तीच्या वेळी जुना गॅस हवेतच जातो. नुसत्या दंडाने हे थांबणार नाही.
5. नमुने घेण्याचे प्रशिक्षण स्थानिक आयटीआयच्या मुलांना द्यावे.

किगाली करारानुसार भारताचा एचएफसी (आर-134ए, आर-410ए, आर-32 यांसारख्या वायूंचा) वापर 2028 पासून गोठवायचा आहे. त्या मर्यादेची आधारवर्षे 2024 ते 2026 आहेत. या काळातली हवा बाटलीत भरून ठेवली नाही, तर पुढची घट कशाशी ताडणार? म्हणून पहिला नमुना येत्या पावसाळ्याआधी घ्यावा. जागा, वीज व राखणीची जबाबदारी आम्ही घेऊ.

आपले,
फ्रीज-एसी दुरुस्ती कारागीर संघटना, कडा