पंचमधले ‘पाच’

पंच हे पेय मुळात ‘पाच’ या शब्दावरून आले, हे विधान इतक्या सहजतेने पुढे धाडले जाते की त्याला पुरावा मागणे अरसिकपणाचे ठरावे. तरीही तो मागायलाच हवा.

या व्युत्पत्तीचा मुख्य साक्षीदार म्हणजे जॉन फ्रायर. ईस्ट इंडिया कंपनीचा हा वैद्य १६७३ मध्ये हिंदुस्थानात आला आणि त्याचा प्रवासग्रंथ १६९८ मध्ये लंडनला छापला गेला. गोव्याकडच्या नेरूळचा अरक उत्तम. त्यापासून किनाऱ्यावरचे इंग्रज एक बलहारक पेय करतात. त्याच्या नावाचा हिंदुस्थानी भाषेत अर्थ पाच, आणि त्यातील घटकही पाचच, असे तो लिहितो. हिंदुस्थानी भाषेत, मराठीत नव्हे! अभिमानाच्या भरात नेमका हा तपशील गळतो.

शिवाय शब्द फ्रायरपेक्षा जुना आहे. कंपनीच्या सेवेतील रॉबर्ट ॲडम्स याच्या १६३२ च्या पत्रात तो कसलेही स्पष्टीकरण न देता येतो. १६३८ मध्ये सुरतेला आलेला जर्मन प्रवासी मँडेलस्लो या पेयाचे घटक सांगतो: मद्य, गुलाबपाणी, लिंबाचा रस, साखर. बंगालविषयी लिहिताना फ्रेंच वैद्य बर्निए अरक, लिंबूरस, पाणी आणि थोडे जायफळ असा पाठ देतो. दोन्ही याद्या चारवर थांबतात, आणि दोहोंत समान आहेत ते केवळ मद्य व आंबटपणा. तेव्हा चाळीस वर्षे रुळलेल्या शब्दाचा फ्रायरने ऐकलेला अर्थ हा त्याच्या जन्माचा दाखला मानता येत नाही. ‘पंचन’ या पिंपाच्या नावावरून तो खलाशांनी घडवला, हा दुसरा तर्कही सिद्ध झालेला नाही; पण स्पर्धक दुबळा म्हणून पहिला तर्क सबळ होत नाही.

इंग्लंडमध्ये पंच रुजला तेव्हा दूरवरून येणाऱ्या अरकाच्या जोडीला फ्रेंच ब्रँडी आणि वेस्ट इंडीजची रम आली. जेम्स ॲशलीने १७३१ मध्ये लंडनच्या लडगेट हिलवर उघडलेल्या पंचगृहात हे तिन्ही प्रकार मिळत. अमेरिकेत जेरी टॉमसच्या १८६२ च्या पुस्तकात ब्रँडी पंचला स्थान मिळाले.

तो घरी करणे अवघड नाही, फक्त घाई चालत नाही. जाड सालीच्या चार पिवळ्या लिंबांची साल पातळ सोलावी, पांढरा भाग येऊ देऊ नये. तो कडू असतो. (कागदी लिंबाच्या सालीचे येथे फारसे काम नाही, ईडलिंबू मिळाल्यास उत्तम.) साल दीडशे ग्रॅम साखरेत रगडून दोन-तीन तास झाकून ठेवावी. सालीतल्या तेलाने साखर ओलसर आणि सुगंधी होते. या पेयाचा जीव या टप्प्यात आहे, ब्रँडीच्या किमतीत नव्हे. मग त्या लिंबांचा सुमारे दीडशे मिलिलिटर रस घालून साखर विरघळवावी, गाळावे, ७५० मिलिलिटर ब्रँडी आणि लिटरभर थंड पाणी मिसळावे. बर्फाचा एकच मोठा खडा टाकावा आणि वरून जायफळ किसावे.

मग घटक मोजावेत. साल आणि रस वेगळे धरले तर सहा होतात, एकाच लिंबाचे म्हणून एकत्र धरले तर पाच, आणि जायफळ घरात नसले तर चार.