काढलं म्हणजे गेलं?

एखादं सॉफ्टवेअर ‘काढून टाकलं’ असं कुणी म्हणालं, की आपण निर्धास्त होतो. सर्व्हर सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे, आणि त्यामुळेच या शब्दावर माझा अजिबात विश्वास नाही.

अगदी साधं उदाहरण घेऊ. रात्रीचा बॅकअप झाला की नाही, हे उबुंटूच्या सर्व्हरने मेलवर कळवावं, एवढीच अपेक्षा असते. त्यावर नेहमीचं उत्तर एका ओळीचं: ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल मेलयुटिल्स’. मेलयुटिल्स म्हणजे टर्मिनलवरून मेल लिहायची-वाचायची हत्यारं. पण मेल पोचवायला कुणीतरी लागतं, म्हणून हे पॅकेज एका मेल सर्व्हरची ‘शिफारस’ करतं, आणि ॲप्ट शिफारशी डिफॉल्टने मान्य करतं. सोबत पोस्टफिक्स येतो. यादीत त्याचं नाव असतं, पण ती यादी वाचतो कोण? मग सेटिंगचा स्क्रीन येतो. त्यावर ‘इंटरनेट साइट’ आधीच निवडलेलं असतं. लोक एंटर मारतात. तुम्हाला फक्त पत्र टाकायचं होतं. घरात अख्खं पोस्ट ऑफिस उघडलं, आणि मध्ये फायरवॉल नसेल तर त्याची २५ नंबरची खिडकी थेट रस्त्यावर.

आता काढा. ‘ॲप्ट रिमूव्ह मेलयुटिल्स’ म्हटलं की हत्यारं जातात. पोस्टफिक्स मात्र चालूच. ‘ऑटोरिमूव्ह’ मारलं, तरी दुसरं एखादं पॅकेज मेल सर्व्हर नुसता सुचवत असेल, तर तो त्याला हात लावत नाही. नाव घेऊन रिमूव्ह केलं, तरी सेटिंगच्या फायली मागे उरतात. डीपीकेजीच्या यादीत त्यापुढे ‘आरसी’ दिसतं, म्हणजे पॅकेज गेलं, सेटिंग शिल्लक. त्या घालवायला ‘पर्ज’ हा वेगळा शब्द माहीत असावा लागतो.

सेटिंग जपायची, हे डेबियनचं लिखित धोरण आहे आणि मला ते पटतं. कुणीतरी तासन्‌तास बसून जुळवलेली फाइल एका रिमूव्हने उडू नये. ‘रिमूव्ह’ आणि ‘पर्ज’ असे दोन शब्द ठेवणं प्रामाणिकपणाचंच आहे. माझं भांडण वेगळं आहे: आत यायला एक एंटर पुरतो, बाहेर काढायला तीन कमांड आणि आतल्या गोटातली माहिती लागते.

यावर माझ्याच धंद्यातले लोक म्हणतात, मॅन्युअल वाचा. इन्स्टॉल करताना मॅन्युअल लागलं नाही, मग काढतानाच का? दुसरे म्हणतात, डिस्क स्वस्त आहे. प्रश्न जागेचा नाहीच. जी सर्व्हिस आपल्याकडे चालू आहे हेच कुणाला आठवत नाही, तिच्या दारावर लक्ष कोण ठेवणार?

निदान लिनक्सवर हे सगळं तपासता येतं. तुमच्या फोनवर ‘पर्ज’ हा शब्दच नाही. ॲप अनइन्स्टॉल केलं की आयकॉन जातो; खातं, नंबर, पत्ता कंपनीच्या सर्व्हरवर तसाच राहू शकतो. खातं उघडू देणाऱ्या ॲपने ते डिलीट करायची सोयही ॲपमध्येच द्यावी, अशी सक्ती ॲपलला २०२२ मध्ये करावी लागली. माहिती खोडून घेण्याचा हक्क आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात लिहावा लागला. सक्ती करावी लागते, यातच सगळं आलं.

म्हणून माझं म्हणणं आम्हा इंजिनिअरांना आहे. इन्स्टॉलची ओळ लिहिता, तिथेच काढायची पूर्ण ओळही लिहा. सोबत कोण येतंय ते आधी सांगा. नको असेल तर ‘नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ आहे, हेही सांगा. नुसता मेल पाठवायचा असेल आणि बाहेरचं मेल खातं हाताशी असेल, तर एमएसएमटीपीसारखं छोटं हत्यार पुरतं. ते पाठवतं, दार उघडून बसत नाही.

आणि तुम्ही, वाचणारे: पुढचं ॲप काढण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन खातं डिलीट करायचं बटण शोधा. ते सापडायला किती वेळ लागतो, त्यावरून ती कंपनी तुम्हाला काय समजते ते कळेल.