रंग देणं हेही वैयावृत्त्य



डुशेन हा स्नायूंचा दुर्मीळ जनुकीय आजार प्रामुख्याने मुलग्यांना होतो. साधारण १२व्या वर्षाच्या आसपास चालणं थांबतं. बोटांची ताकद मात्र त्यानंतरही बराच काळ टिकते. भेटायला गेलेल्या बायका आईला ‘पूर्वकर्माचा उदय’ एवढंच सांगून परततात. त्यापेक्षा मुलाच्या हाती ब्रश द्यावा. चित्रांनी आजार बरा होत नाही, औषधं चालूच हवीत. पण उठण्याबसण्यालाही दुसऱ्याचा हात लागणाऱ्या मुलाला निदान रंग तरी स्वतः निवडता येतो. पर्युषणातल्या रांगोळी स्पर्धेत त्याच्या चाकाच्या खुर्चीला पुरेल असं टेबल मांडा, वेळेची अट सैल करा. वैयावृत्त्य हे अभ्यंतर तप आहे. ते फक्त साधू-साध्वींपुरतंच का ठेवायचं?