शिबिरे पुरे, सामने द्या

प्रति,
अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, नवी दिल्ली
वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, मुंबई
क्रीडा व युवक सेवा संचालनालय, पुणे

विषय : सतरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉलबाबत मागण्या

महोदय / महोदया,

आम्ही कोल्हापूर जिल्ह्यातले पालक, शाळांतले क्रीडाशिक्षक, प्रशिक्षक आणि काही माजी खेळाडू. आमच्याकडे फुटबॉलचे वेड किती आहे ते तुम्हाला सांगायला नको. पेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले की निम्मे शहर तिकडे वळते. २०१७ च्या मुलांच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव इथलाच. पण याच गावात तेरा वर्षांच्या मुलीने बूट विकत घेतले, तर ते घालून खेळायला तिला सामना मिळत नाही. सराव मिळतो, शिबीर मिळते, शिबिराचा टी-शर्टही मिळतो. सामना तेवढा मिळत नाही.

आमची तक्रार गल्लीतली वाटेल, म्हणून आधी देशाच्या संघाबद्दल बोलू.

२०२२ चा सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. ११ ऑक्टोबरला भुवनेश्वरच्या कलिंगा स्टेडियमवर अमेरिकेने आपल्याला ८-० ने हरवले, १४ ला मोरोक्कोने ३-० ने आणि १७ ला ब्राझीलने ५-० ने. तीन सामन्यांत सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही. उरलेली स्पर्धा देखणी झाली. फातोर्ड्याला सामने झाले, आणि ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवून चषक नेला. मैदाने आपली, हिरवळ आपली, गोल मात्र पाहुण्यांचे.

त्या सोळा गोलांचा हिशेब मुलींच्या नावावर मांडू नका. भारताला मूळ यजमानपद २०२० चे मिळाले होते. करोनामुळे ती स्पर्धा आधी पुढे ढकलली, मग रद्द झाली, आणि २००३-०४ मध्ये जन्मलेल्या मुली विश्वचषकाचा एकही सामना न खेळता वयातून बाद झाल्या. त्यांच्या जागी नवा संघ उभा राहिला. त्याला स्वीडिश प्रशिक्षक थॉमस डेनर्बी मिळाले, परदेश दौरे मिळाले. पण ऑगस्टमध्ये फिफाने महासंघालाच निलंबित केले. ते निलंबन २६ ऑगस्टला उठले, तेव्हा पहिल्या सामन्याला सात आठवडेही उरले नव्हते. वडीलधाऱ्यांच्या खुर्च्यांच्या भांडणात घरचा विश्वचषक जायची वेळ आली होती, हे त्या मुलींना वर्तमानपत्रातून कळत होते. कर्णधार अष्टम ओराँव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातली. ती विश्वचषकात उतरली तेव्हा गावात तिच्या नावाचा रस्ता होत होता आणि त्या रस्त्यावर तिचेच आईवडील मजुरीला होते, हेही छापून आले.

आता दुसरे चित्र पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये भूतानच्या थिम्फूत सतरा वर्षांखालील मुलींची दक्षिण आशियाई स्पर्धा झाली. चार संघ, दुहेरी साखळी, म्हणजे प्रत्येकाला सहा सामने. भारत जिंकला. शेवटच्या सामन्यात बांगलादेशाकडून ३-४ असा हरला, तरी चषक आपल्याकडे राहिला. दोन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, बिश्केकला आशियाई चषकाची पात्रता फेरी झाली. किर्गिझस्तानला आपण २-१ ने हरवले. उझबेकिस्तानविरुद्ध पहिला गोल खाल्ला आणि मग २-१ असाच सामना फिरवला. पात्रता फेरी जिंकून या वयोगटाच्या आशियाई चषकात जाण्याची भारताची ही पहिलीच वेळ, आणि येत्या वर्षी ही स्पर्धा चीनमध्ये आहे. त्याआधी, थिम्फूच्याच महिन्यात, वीस वर्षांखालील मुलींनीही यांगूनला म्यानमारला १-० ने हरवून आपला आशियाई चषक गाठला होता.

उझबेकिस्तान म्हणजे ब्राझील नव्हे, हे आम्हालाही कळते. पण मागे पडल्यावर डोके शांत ठेवून सामना फिरवणे शिबिरात शिकवता येत नाही. खऱ्या गुणांसाठी, खऱ्या प्रतिस्पर्ध्यासमोर, पुन्हा पुन्हा उतरूनच ते अंगात येते. थिम्फूच्या सहा सामन्यांचा बिश्केकमध्ये उपयोग झाला, असे आमचे ठाम मत आहे.

म्हणून आमची पहिली मागणी, आणि खरे तर बाकीच्या सगळ्या तिच्याच पोटातल्या : प्रत्येक जिल्ह्यात तेरा, पंधरा आणि सतरा वर्षांखालील मुलींची साखळी स्पर्धा सुरू करा. आज मुलीला हक्काची म्हणावी अशी स्पर्धा शालेयच, आणि ती बाद पद्धतीची. सोळा शाळा उतरल्या तर आठ शाळांच्या मुली एक सामना खेळून घरी जातात. पुढचा सामना पुढच्या वर्षी. तोवर निम्म्या जणी दहावीच्या क्लासला लागलेल्या असतात. हरणारा संघच जास्त खेळायला हवा, आणि आपण नेमके त्यालाच आधी घरी पाठवतो. आठ संघांची दुहेरी साखळी लावा, प्रत्येक मुलीला चौदा सामने मिळतील. त्याला स्टेडियम लागत नाही. आखलेले मैदान, दोन जाळ्या, एक पंच आणि एक डबा बर्फ पुरतो. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्याने एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम केला होता. एका दिवसाला एवढी यंत्रणा हलते, तर वर्षातले चौदा रविवार फार नाहीत.

यंत्रणा असली की काय होते ते बांगलादेशाकडे पाहून कळते. तिथे प्राथमिक शाळांतल्या मुलींची देशव्यापी फुटबॉल स्पर्धा २०११ पासून होते. मैमनसिंग जिल्ह्यातल्या कलसिंदूर या एका गावाच्या शाळेतून राष्ट्रीय संघाला खेळाडूंची रांग लागली. ८ फेब्रुवारी २०२४ ला ढाक्यात एकोणीस वर्षांखालील दक्षिण आशियाई अंतिम सामन्यात आपली आणि त्यांची पेनल्टी ११-११ पर्यंत गेली, मग नाणेफेकीचा गोंधळ झाला आणि शेवटी दोघांना संयुक्त विजेते ठरवले गेले. लोकसंख्येच्या हिशेबाने ही बरोबरी आपल्याला शोभणारी नाही.

दुसरी मागणी मैदानाच्या वेळेची. मुलींचा सामना भर दुपारी आणि मुलांचा उन्हे उतरल्यावर, हा शिरस्ता बंद करा. याहून जास्त लिहायची गरज आम्हाला वाटत नाही.

तिसरी मागणी सुरक्षिततेची, आणि ही आम्ही पालक म्हणून करतो. २०२२ च्या युरोप दौऱ्यातच याच वयाच्या राष्ट्रीय संघाच्या एका सहाय्यक प्रशिक्षकाला गैरवर्तनाच्या आरोपावरून काढावे लागले. राष्ट्रीय संघात हे घडते, तर तालुक्याच्या बसमध्ये काय होत असेल, हा प्रश्न आईला पडतोच. मुलींच्या प्रत्येक संघाबरोबर, गाव असो की देश, जबाबदार महिला अधिकारी प्रवासाला आणि मुक्कामाला असावी. तक्रार घेणारी व्यक्ती संघटनेबाहेरची असावी, आणि तिचा क्रमांक मुलींच्या ओळखपत्रावर छापावा. प्रशिक्षकाचा परवाना पोक्सो कायद्याच्या प्रशिक्षणाशिवाय देऊ नये. मुलगी घरी येऊन "मला नाही जायचं आता" म्हणते, तेव्हा कारण विचारायची हिंमत सगळ्याच घरांत नसते.

चौथी, सतरानंतरचे काय? २०१७ चा मुलांचा संघ विश्वचषकात नऊ गोल खाऊन आणि एक करून बाहेर पडला. त्याच हंगामात त्यांतली बरीच मुले 'इंडियन ॲरोज' म्हणून आय-लीगमध्ये उतरली, हरत हरत शिकली. मुलींचा ॲरोज संघ २०२२ च्या इंडियन वुमन्स लीगमध्ये एक हंगाम खेळला, पुढच्या हंगामात तो नव्हता. आता नव्या मुली चीनला जातील. परतल्यावर त्यांना वर्षभर लीगचे सामने, गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसकट विमा आणि कॉलेजची फी मिळेल, हे त्या विमानात बसण्याआधी लेखी जाहीर करावे.

आणि एक मागणी आमची आमच्याच लोकांकडे. पुरुषांच्या लीगमध्ये संघ उतरवणाऱ्या प्रत्येक तालमीने, प्रत्येक मंडळाने मुलींचा एक संघ उभा करावा, आणि राज्य संघटनेने तो नोंदणीचा नियम करावा. वरिष्ठ महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेच्या चषकाला राजमाता जिजाबाईंचे नाव आहे. त्या चषकासाठी कोल्हापूरच्या पेठेतली मुलगी खेळायला हवी, यावर आमच्याकडे दोन मते निघणार नाहीत.

मैदान आखायला, जाळ्या बांधायला आणि मुली गोळा करायला आम्ही तयार आहोत. येत्या जानेवारीच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसातला आठ संघ उभे करू. पंच आणि वेळापत्रक तुम्ही पाठवा.

आपले,
कोल्हापूर जिल्ह्यातील मुलींच्या फुटबॉल संघांचे पालक, प्रशिक्षक व माजी खेळाडू
नोव्हेंबर २०२५