नळामागचे शास्त्र

“अभियंता होऊन शेवटी नळच बसवायचे काय?” पाइप-फिटिंग्जची पेढी असलेल्या घरातील मुलाने वा मुलीने इमारतीतील पाणी, सांडपाणी व उष्णजल यांच्या आराखड्याचे शिक्षण घेण्याची इच्छा दर्शविली, की वडीलधाऱ्यांचा हा प्रश्न ठरलेला असतो.

नळ बसविणे हे कुशल कारागिराचे काम, आणि तेही हलके नव्हे. अभियंत्याचे काम त्याच्या आधीचे. गच्चीवरील टाकीतून पाणी उतरताना दर १० मीटरमागे सुमारे १ बार दाब वाढतो. २० मजली इमारतीच्या तळाशी तो ६ बारच्या आसपास जातो. मध्ये दाब कमी करणारी झडप योजली नाही, तर जोड गळू लागतात. शिवाय सर्व घरांतील सर्व नळ एकाच वेळी उघडत नाहीत. मग नळीचा व्यास किती धरावा? याचे संभाव्यतेच्या गणिताने दिलेले उत्तर अमेरिकेतील रॉय हंटर यांनी १९४० साली मांडले.

उष्णजलाचा विषय आपल्याला अधिक जवळचा. सोलर टाकीपासून स्नानगृहापर्यंत २० मिलिमीटर अंतर्व्यासाची २० मीटर नळी असेल, तर तीत सुमारे ६ लिटर पाणी रात्रभर निवते आणि सकाळी गरम पाणी येईपर्यंत मोरीत जाते. पाणी गाळून वापरणारी, अप्कायाची जयणा सांगणारी माणसे आपण. पण घरातील आजींनी गाळणे कितीही जपले, तरी हा अपव्यय त्यांच्या हाती नसतो. नळीचा मार्ग आखूड ठेवणे, तिला उष्णतारोधक वेष्टन देणे किंवा परतीची नळी टाकणे, हे कागदावरच ठरावे लागते. साठा कोमट ठेवूनही चालत नाही. २० ते ४५ अंश सेल्सिअसमध्ये लेजिओनेला जिवाणू वाढतात, म्हणून तो ६० अंशांवर ठेवतात. जीवोत्पत्ती होऊच न देणे, हा विचार आपल्याला नवा नाही.

पदवीच्या अभ्यासक्रमात या विषयाला जागा थोडीच मिळते. खरे प्रशिक्षण पुढे होते. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा नववा भाग आधी मुळातून वाचावा. १९९३ मध्ये स्थापन झालेली इंडियन प्लंबिंग असोसिएशन आणि वातानुकूलन क्षेत्रातील १९८१ ची इश्रे या संस्थांशी संबंध जोडावा. त्यानंतर निदान दोन वर्षे एखाद्या सल्लागाराच्या हाताखाली, बूट चिखलात घालून काम करावे. झडपा आणि जोडसामान लहानपणापासून हाताळलेल्या मुलांना येथे निश्चितच लाभ होतो.

मात्र त्याच लाभात एक पेच आहे. ज्या इमारतीचा आराखडा मुलगी करते, तिथे माल वडिलांच्या पेढीचा गेला, तर तिच्या शिफारशीवर कोण विश्वास ठेवील? अशा कामात पेढीने माल देऊ नये. द्यायचाच झाला, तर मालकास नाते आधी लेखी कळवावे. पेढी काकांच्या नावे असली तरीही.